तांदळातलं नाव

वर्ग सुटला तशी गिरिजानं टेबलावरची पुठ्ठ्याची पाटी उचलली आणि पर्समध्ये, कुंकवाच्या डबीखाली सरकवली. पर्सची चेन लागेना. पाटीचा एक कोपरा सारखा वर येत होता. ती तो अंगठ्यानं दाबत असतानाच फळा पुसणाऱ्या जर्मनच्या शिक्षिकेचं, दिव्याचं, तिच्याकडे लक्ष गेलं.

“मंदा काकू, पाटी घरी नाही न्यायची हं. सोमवारी लागेल.”

“हो का? मला वाटलं, आता संपलं.”

“असं कसं संपलं? सोमवारी कार्यक्रम आहे ना! प्रत्येकानं उभं राहून जर्मनमध्ये स्वतःची ओळख करून द्यायची, घरच्यांसमोर. काकांना आणा. नेहमी बिचारे खाली बसून असतात.”

गिरिजानं पाटी काढून पुन्हा टेबलावर उभी केली. कोपरा दुमडला गेला होता, तो बोटांनी सरळ केला. पाटीवर निळ्या स्केचपेननं, तिच्याच अक्षरात, मंदा असं लिहिलं होतं.

मंदा हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ते बदललं आणि वसईला राहिलं. तिथले भाऊ आणि दोन-चार मैत्रिणी सोडल्या तर ते आता कुणाच्या तोंडी नव्हतं. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे ती गिरिजाच होती. पहिल्या दिवशी दिव्यानं सगळ्यांना उभं करून एकेकाकडून वाक्य म्हणवून घेतलं होतं. इश हाइसे, म्हणजे माझं नाव, आणि पुढे आपलं नाव. गिरिजाची पाळी आली, ती उभी राहिली. अशीच ती एकदा पाचवीत उभी राहिली होती, इंग्रजीच्या पहिल्या तासाला. माय नेम इज मंदा. त्यानंतर परक्या भाषेत स्वतःचं नाव सांगायची वेळच आली नव्हती. इश हाइसे, ती म्हणाली, आणि पुढचं नाव आपोआप आलं. दिव्यानं लगेच पुठ्ठा आणि स्केचपेन पुढे केलं.

दुरुस्त करायला एक क्षण पुरला असता. पण तो गेला, आणि पुढच्या तासाला सगळ्यांनी मंदा काकू, मंदा काकू सुरू केलं. फीचा अर्ज लेकीनं, रीमानं, जर्मनीहून भरला होता, त्यावर गिरिजा होतं. दिव्याला वाटलं, घरात मंदा म्हणत असतील.

घरात तर तिला कुणी नावानंच हाक मारत नव्हतं.

ती जिना उतरली. मीरा रोडच्या त्या इमारतीत खाली मोबाइलची दुकानं होती आणि कोपऱ्यावर रसवंती. रसवंतीच्या बाकड्यावर उदयराव बसले होते. गुडघ्यांमुळे ते तीन मजले चढत नसत. वर्ग सुटेस्तोवर वर्तमानपत्र वाचत बसत.

“झालं?”

“झालं.”

“चल मग, अगं, सांभाळून. तो बाइकवाला बघ.”

शेअर रिक्षात ती आत बसली, ते कडेला. भाईंदर येईपर्यंत ती पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

जर्मन शिकायचं कारण रीमा होती. तिला तिकडे दिवस गेले होते, दिवाळीनंतर बाळ येणार होतं आणि गिरिजा बाळंतपणाला जाणार होती. पण खरं कारण रीमाच्या जर्मन सासूबाई. लग्नाला त्या भाईंदरला आल्या होत्या. हॉलच्या दारात त्यांनी गिरिजाचे दोन्ही हात धरले आणि डोळे भरून काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. जावई जवळपास नव्हता. गिरिजा नुसती हसून मान हलवत राहिली, आणि त्या माउलीनं काय सांगितलं ते तिला आजतागायत कळलं नाही. पुढच्या वेळी असं उभं राहायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

वर्गात सगळी विशीतली मुलं होती. तिकडे नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्सेस, हॉटेलचा कोर्स केलेला साहिल, शेजारी बसणारी काशीगावची सुचेता. त्यांच्यात मंदा काकू फार चुकायची. चुकली की तोंडाला पदर लावून हसायची, आणि पुन्हा चुकायची. एकदा तर तिनं सांगितलं की ती सकाळी सात वाजता टेबल पिते. सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं ती स्वतः. घरी गिरिजाला असं चुकायची सवय नव्हती. तिथं नैवेद्य, वाती, सोवळं, सगळं वेळेवर आणि जिथल्या तिथं असे.

ते हसू तिला आवडत होतं, हीच तर लाजेची गोष्ट होती. गिरिजा हे देवीचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून उदयरावांनी सोन्याच्या अंगठीनं ते लिहिलं होतं, आणि त्या दिवसापासून ती ते नाव व्रतासारखं सांभाळत आली होती. आणि आता आठवड्यातून दोन दिवस, नवरा खाली बसलेला असताना, ती वर जाऊन ते काढून ठेवत होती. चपला काढाव्यात तसं.

रात्री तिनं विषय काढला.

“सोमवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल हो. तीन मजले आहेत.”

“येतो की. हळूहळू चढेन.”

“पोरांचं काहीतरी असतंय. तुम्हाला काही कळायचं नाही त्यातलं.”

“कळायला कशाला पाहिजे?” ते चष्मा पुसत म्हणाले. “तू बोलतेस ते ऐकायचंय. इथं घरात तर पुटपुटतेस. मी आलो की गप्प.”

तिनं दुधाखालचा गॅस उगाच बारीक केला.

सोमवार उजाडला. श्रावणातला दुसरा. तिनं देवळात जाऊन पिंडीवर तिळाची मूठ वाहिली, बेल ठेवला आणि हात जोडले. माझ्या तोंडून आज खोटं येऊ देऊ नकोस, एवढंच मागायचं होतं. पण दोन नावांपैकी खोटं कुठलं, ते तिला मनातल्या मनातही सांगता येईना. मागच्या बाईचा धक्का लागला तशी ती बाजूला झाली.

चार वाजता उदयराव कठडा धरून जिना चढले. प्रत्येक मजल्यावर थांबले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि वर पोचल्यावर आधी रुमालानं मान पुसली. वर्गात खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. कुणाची आई, कुणाचा भाऊ. टेबलावर पाट्यांची रांग होती. उदयराव रांगेपासून लांब, खिडकीशी बसले. चष्मा त्यांनी खिशातून काढला नाही.

साहिल बोलला. सुचेता बोलली, तिच्या आईनं मोबाइल उंच धरून सगळं रेकॉर्ड केलं. मग दिव्यानं गिरिजाकडे बघून मान हलवली.

ती उभी राहिली. पदर खांद्यावर घट्ट घेतला. समोर उदयराव जरासे पुढे वाकले होते, देवळात कीर्तन ऐकताना वाकायचे तसे.

“गुटन टाग,” ती म्हणाली. “इश हाइसे... गिरिजा.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग सुचेता फिसकन हसली, पण मायेनं.

“अहो काकू! टेन्शन नका घेऊ. परत घ्या.”

“आंटी, अपना नाम ही भूल गये क्या?” साहिल मागून म्हणाला, आणि मग सगळेच हसले.

“कोणी हसू नका रे,” दिव्या म्हणाली, पण तीही हसतच होती. “होतं असं स्टेजवर. कागदावरचं नाव येतं तोंडात. काकू, सावकाश. इश हाइसे...”

“मंदा!” पोरं एका सुरात ओरडली. शाळेत बाई पाढे म्हणवतात तशी. एका नर्सनं तर मदत म्हणून टेबलावरची पाटी उचलून तिच्यासमोर धरली. दुमडलेला कोपरा बाहेरच्या बाजूला होता.

गिरिजाचे कान तापले. पुढची सगळी वाक्यं पाठ होती. मी भारतात राहते, मला एक मुलगी आहे, मी लवकरच आजी होणार आहे. त्यातलं एकही वाक्य वर येईना. ती पाटीकडे बघत राहिली. उदयरावांकडे बघायची तिची छाती झाली नाही.

दिव्याला वाटलं, आपण सावरून घ्यावं. ती खिडकीकडे वळली.

“बरं, आता काकाच मदत करतील. काका, सांगा, तुमच्या मिसेसचं नाव काय?”

उदयराव खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उठले. गुडघे सरळ व्हायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ वर्ग थांबला.

“मंदा,” ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. सुचेताच्या आईनं तेही रेकॉर्ड केलं. गिरिजा खाली बसली आणि पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. पुढे कोण काय बोललं ते तिला कळलं नाही.

परतताना रिक्षात एक गुजराती बाई भाजीच्या पिशव्या घेऊन दोघांच्या मध्ये बसली होती, त्यामुळे बोलावं लागलं नाही. जेसल पार्कच्या कोपऱ्यावर उदयरावांनी केळी घेतली. घरी आल्यावर तिनं पाय धुतले, दिवा लावला, कुकर चढवला. देवासमोर ती रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसली. बाहेर येऊन सांगायचं, चुकलं माझं, असं तिनं ठरवलं. दोनदा ती दारापर्यंत आली, पण दोन्ही वेळा उदयराव टीव्ही नुसता लावून, आवाज बंद करून बसले होते आणि चित्राकडेही बघत नव्हते.

मग पानं वाढायची वेळ झाली.

श्रावणी सोमवारचा उपास ती मुक्यानं जेवून सोडायची. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत एक शब्द नाही. मध्ये बोललं की ताट सोडून उठायचं. सासूबाईंनी घालून दिलेला नेम होता, आणि त्या गेल्यावरही तिनं तो मोडला नव्हता. उदयरावांना सवय होती. सोमवारी ते स्वतःच्या हातानं वाढून घेत.

तिनं ताटाला हात जोडले, भाताचा पहिला घास घेतला. उदयरावांनी वरणाची वाटी सरकवली, पण जेवायला सुरुवात केली नाही.

“ते नाव आईनं काढलं होतं,” ते म्हणाले.

तिचा हात ताटातच थांबला.

“जेव तू. थांबू नकोस.” ते आपल्या ताटाकडे बघूनच बोलत होते. “आई म्हणाली, आपल्याकडे महादेवाचं आहे, गिरिजा ठेव. भटजींनी अंगठी हातात दिली. मी म्हटलं, आहे ते चांगलं आहे की, बदलायचं कशाला? तर सगळे हसले. मामा म्हणाला, बघा, आत्तापासूनच बायकोच्या बाजूनं. मी आपला मुकाट्यानं लिहायला लागलो.”

तिनं घास चावला. मेथीच्या भाजीला मीठ कमी पडलं होतं, ते तिला आत्ता कळलं.

“तू मान खाली घालून बघत होतीस. मी ‘गि’ लिहिला तेव्हा तू हात मागे घेतलास. थोडासाच. कुणाला दिसला नाही.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “मला दिसला. नंतर त्या नावानं हाक मारायला गेलो की तो हात आठवायचा. मंदा म्हणावं, तर आईसमोर म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून अगं. चल अगं, ऐक अगं. आई गेली तोवर तेच तोंडात बसलं होतं.”

खालून कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

“तुला वाटत असेल, बाकीचे नवरे घेत नाहीत नाव, तसाच हाही. वाटू दिलं मी. सोपं होतं ते.” त्यांनी वाटी जराशी फिरवली. “आणि आज तू तिथं उभी राहून माझ्यासाठी गिरिजा म्हणालीस. त्या पोरांनी हसून घेतलं तुला. लाज वाटली मला. तुझी नाही.”

ती खाली बघून जेवत होती. डोळ्यांतलं पाणी ताटात पडू नये म्हणून तिनं मान थोडी वळवली आणि डाव्या हाताच्या मनगटानं गाल पुसला. मग वाढायच्या चमच्यानं त्यांच्या भातावर वरण घातलं. मघापासून भात कोरडाच होता.

“तू बोलू शकत नाहीस म्हणून बोललो,” ते म्हणाले. “एरवी जमलं नसतं.”

ते जेवू लागले. ताक पिऊन झालं, त्यांनी वाटी खाली ठेवली.

“आता हाक कुठली मारू, ते सांग सावकाश. घाई नाही.”

तिचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. उठून हात धुतला की नेम सुटला असता आणि बोलावं लागलं असतं. मोरी चार पावलांवर होती. ती उठली नाही. उजवा हात ताटावर तसाच धरून, वाळू देत, बसून राहिली. समोर उदयरावही हात न धुता बसून राहिले.