केदार म्हणजे राहणे

ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर चर्चमधली सांता रीता माझी कवळी ओढून नेवो.

फिंटन आमच्या गावात आला तो चर्चचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करायला. आयर्लंडचा माणूस, चाळिशीचा, आणि उंच इतका की खांबावरच्या संतांच्या डोक्यावरची धूळ शिडीशिवाय पुसायचा. रोज सकाळी पाव घ्यायला माझ्या नातीच्या, निएवेसच्या, बेकरीत यायचा. स्पॅनिश शिकायचं खूळ होतं त्याला, आणि सुरुवात केली ती नेमकी 'केदार' ह्या क्रियापदापासून.

केदार म्हणजे राहणे. पाव उरलाय, तेही केदार. कुठे भेटायचं ठरवलं, तर तेही केदारच. निएवेसने एकदा धीर करून म्हटलं, सातला भेटू. ह्याला वाटलं, सात पाव उरलेत. म्हणाला, सगळे बांधून दे. संध्याकाळी ही नटूनथटून चौकात उभी आणि हा घरी पाव चावत बसलेला. चौथ्या पावाला डोक्यात उजेड पडला, तसा पाचवा हातात घेऊनच पळत आला.

मग रोजच सातला भेटायला लागले. पण ऑर्गन मेला बरा झाला, आणि गुरुवारच्या बसचं तिकीट निघालं. निएवेसच्या हातून पावात मीठ दोनदा पडायला लागलं. राहायचं त्यालाही होतं. पण आपणहून 'राहा' म्हणेल तर ती माझी नात कसली. बोलायला हवं होतं ते त्यानेच.

बुधवारी तो माझ्याकडे वाक्य पक्कं करायला आला. 'मे केदो कोंतीगो', मी तुझ्यापाशी राहतो, एवढं पुरलं असतं. पण शिकलेला माणूस तो. काम चालू असलं की क्रियापदाला शेपूट लावतात, हे त्याने कुठेतरी वाचलेलं, म्हणून शेपूट लावलं. बेकरीत जाऊन, टोपी काढून, पाच गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मे एस्तोय केदांदो कोंतीगो."

ह्याचा अर्थ आमच्याकडे, मी तुझी फिरकी घेतोय.

निएवेसने त्याच्या शेजारच्या बाईला विचारलं, काकू, तुम्हाला काय देऊ? त्याच्याकडे परत पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवारी बस आली. फिंटनने हत्यारांची पेटी वर चढवली. निएवेस बेकरीच्या दारात, कोपरापर्यंत पीठ, म्हणे जरा हवा खायला. ड्रायव्हर बेनिग्नो नेहमीचा घाईतला.

"काय रे लंबू, येतोस की राहतोस?"

व्याकरणाला वेळच नव्हता.

"मे केदो," फिंटन म्हणाला.

निएवेस रस्ता ओलांडून आली. "परत बोल. हळू बोल."

"मे केदो."

"मग काल काय बोललास?"

"ते मला अजून कळलेलं नाही."

"पेटी उतरव, गाढवा. बस खोळंबलीय."

त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. नातजावई अजून केदार चुकतो, पण पाव झकास भाजतो.

सगळं खरं आहे हो. फक्त ते शेपूट त्याने कुठेतरी वाचलं होतं, एवढं मी पदरचं घातलं. बिचारा बरोबर वाक्य घेऊन आला होता. शेपूट मी लावून दिलं. निएवेसला सांगू नका.