मारुतरावांना कोण भरवणार

आमच्या दारावर 'ऑक्युपेशनल थेरपी' अशी पाटी आहे, आणि ती वाचून भोसरी-चाकणकडून आलेला एखादा आयटीआयवाला अधूनमधून बायोडाटा घेऊन आत शिरतो. त्याला वाटतं इथं नोकरी लावून देतात. उरलेल्यांना वाटतं इथं मालिश करतात. बायोडाटावाल्यांचा मला राग येत नाही, ते निदान कामाच्या शोधात असतात.

मी इथली सीनिअर थेरपिस्ट, विजयश्री. लकव्यानं हात गेलेल्या, प्रेस मशिनमध्ये बोटं चेचलेल्या माणसांना पुन्हा स्वतःच्या हातानं जेवायला, शर्टाची बटणं लावायला, दाढी करायला शिकवायचं, हे माझं काम. मोठे डॉक्टर राउंडला येतात, पेशंटला चार पावलं चालायला लावतात, 'छान' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. चालला म्हणजे बरा झाला. संडासातून आल्यावर त्याची नाडी कोण बांधणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही. स्वतःच्या घरात त्यांनी चहाचा कप कधी उचलून ठेवला असेल असं मला वाटत नाही.

तरी डॉक्टरांशी माझं एक वेळ जमतं. नातेवाइकांशी जमत नाही, त्यातही सेवा करणाऱ्यांशी. पेशंटनं चमच्याकडे हात नेला रे नेला की घास घेऊन धावणारी ही माणसं. सकाळभर मी जे कमावते ते दुपारच्या डब्याला घालवून टाकतात, आणि वर आल्या-गेलेल्यांकडून 'किती करतात हो' असं ऐकून घेतात.

कुरुळीचे मारुतराव आले तेव्हा सोबत अशी सेवा करणारी अख्खी पलटण होती. जुनं गावकीतलं घराणं, बरीच जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेलेली. मारुतरावांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणं शाबूत होतं, जरा जास्तच. बायको सुमनताई उशाशी जपमाळ घेऊन. मुलगा दिग्विजय, कंपन्यांना कामगारांच्या बसगाड्या पुरवतो, गळ्यात साखळी, हातात दोन फोन. तो यायचा, वडिलांच्या पायांना हात लावायचा, तसा फोटो काढून घ्यायचा आणि जायचा. आणि सून वर्षाली. प्रत्यक्ष भरवायची ती.

वर्षाली चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर तपासणीला होती. तिथं ती हेल्परपासून वर चढली होती, आणि आता लाइन लीडर व्हायची होती. सासऱ्यासाठी तिनं बिनपगारी रजा घेतली. सोमवारच्या सेकंड शिफ्टला आली नाहीस तर तुझ्या जागी दुसरी बघतो, असं सुपरवायझरनं तिला स्पष्ट सांगितलं होतं. इकडे दिग्विजयनं त्याहून स्पष्ट सांगितलं होतं, की राजीनामा देऊन टाक, अण्णांना भरवणार कोण? हे तिनं मला सांगितलं ते वरणाचा डबा विसळता विसळता, बेसिनकडे तोंड करून.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार, मॅडम? हात चालत नाही त्यांचा."

मला तिचाही राग आला. असल्या गरीब गाईसारख्या पोरी मी पुष्कळ बघितल्यात. पण प्रश्न माझ्या अखत्यारीतला होता. हात चालला तर नोकरी राहणार होती. मी मारुतरावांना हाती घेतलं.

जाड मुठीचा चमचा दिला, तो त्यांनी सोडून दिला. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायला दिले, तर "ही बायकांची कामं" म्हणाले. मऊ गोळा मळायला दिला, तो मांडीवर ठेवून ते माझ्याकडे बघत बसले. हात तपासला तर त्यात जोर येत होता, बोटं मिटत होती, उघडत होती. जेवणाचं ताट आलं की मात्र तोच हात मेल्यासारखा चादरीवर पडायचा आणि तोंड आपोआप उघडायचं. वर्षाली घास घालायची. सुमनताई पदरानं तोंड पुसायच्या. बाजूच्या खाटेवरची माणसं कौतुकानं बघायची.

"काकू, त्यांना स्वतः जेवू द्या. सांडलं तर सांडू द्या," मी सुमनताईंना सांगितलं.

"आवं बाई, इतकी माणसं बघत्यात. लोक काय म्हणतील, सून असून म्हातारा हातानं खातोय?"

काही बोलले असते तर प्रशासनाकडे तक्रार गेली असती, आणि प्रशासनातल्या साहेबांना माझा विभाग नेमका कुठल्या मजल्यावर आहे हेही माहीत नाही.

रविवारी सुट्टी असूनही मी एका पेशंटच्या हाताला बांधायचा स्प्लिंट द्यायला आले होते. आमच्या खोलीमागं एक रॅम्प आहे, तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. तिथं व्हीलचेअरवर मारुतराव एकटेच बसले होते, माझ्याकडे पाठ करून. वॉर्डमामा त्यांना उन्हाला ठेवून चहाला गेला असणार. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांचं काय चाललंय ते दिसलं.

डाव्या तळहातावर तंबाखू होता. चुन्याच्या डबीत उजव्या अंगठ्याचं नख घालून त्यांनी चुना काढला, तंबाखूवर लावला आणि अंगठ्यानं मळायला सुरुवात केली. सावकाश, दाबून, मन लावून. मग उजव्या हाताच्या बोटांनी दोन चापट्या मारून भुकटी उडवली. उरलेल्याची चिमूट धरली, कोपर वाकवलं, हात नीट तोंडापर्यंत नेला आणि बार खालच्या ओठात बसवला. कणभर इकडेतिकडे झालं नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एखाद्या पेशंटची इतकी किळस आली नव्हती. तंबाखूची नव्हे, तो तर निम्म्या वॉर्डाच्या उशीखाली सापडतो. अंगठा, चिमूट, कोपर, तोंड. घास घ्यायला याहून वेगळं काय लागतं?

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पुडी मांडीखाली सारली, तीही उजव्याच हातानं.

"ही सवय हाय बाई," ते म्हणाले. "हात आपसूक चालतो."

"आणि जेवायची सवय नव्हती कधी?"

त्यांनी जिभेनं बार सावरला. मी पुडी आणि डबी मागून घेतली.

"सून नोकरी सोडतेय तुमच्यापायी. ठाऊक आहे ना?"

"सोडू दे की. आमच्या घरात बाया कंपनीत जात न्हाईत. आन् हात चाललेला दिसला, की समदी आपापल्या वाटंला लागतील. दिग्विजय वरसानुवरस माझ्याजवळ बसला न्हाई. आता दोनदा येतो दिवसाला."

मला त्यांची कीव आली, आणि ती आली म्हणून स्वतःचाच संताप आला. मुलगा जवळ बसावा म्हणून हा माणूस सुनेचं पोट मारायला निघाला होता. आणि मुलगा तरी कुठे बसत होता? पायांना हात लावत होता, तोही फोटोपुरता.

"उद्या दुपारी घरच्यांना तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "नाही सांगितलं तर मला बघावं लागेल."

सोमवारी दुपारी मी सगळ्यांना आमच्या खोलीत बोलावलं. टेबलावर घरून आलेला डबा उघडून ताट वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. मारुतरावांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, आज कुणी भरवायचं नाही.

मारुतरावांनी माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. हात मांडीवर तसाच पडू दिला. आणि तोंड उघडलं.

मला हसू आलं असतं, पण वर्षालीचा हात भाकरीकडे गेलाच होता. तिच्या खांद्याला पर्स होती, पर्समधून कंपनीच्या ओळखपत्राची निळी पट्टी लोंबत होती. राजीनामा द्यायला जायचं म्हणूनही पट्टी लागतेच.

"थांबा," मी म्हटलं.

"मॅडम, उपाशी ठेवायचं म्हणजे ट्रीटमेंट का?" दिग्विजय फोनवरून नजर न काढता म्हणाला. "माझी वर ओळख आहे, सांगून ठेवतो."

"जरूर सांगा," मी म्हटलं. मग एप्रनच्या खिशातून पुडी आणि चुन्याची डबी काढली आणि भाकरीच्या शेजारी ठेवली. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस स्वतःहून तोंड उघडेल, बोलायला.

बोलल्या सुमनताई.

"ह्ये हितं कुठनं आलं? दवाखान्यात बी तंबाखू खाताय व्हय तुमी?" आणि मग त्या थांबल्या. त्या घरात इतकी वर्षं काढलेली बाई ती. "आवं पर हात चालत न्हाई ना तुमचा. मग मळून कोण देतंय?"

सगळ्यांनी मारुतरावांच्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या नखात चुना होता, पांढराशुभ्र. म्हणजे आज सकाळीही कुणीतरी नवी पुडी आणून दिली होती. भेटायला येणाऱ्यांची त्यांना कमी नव्हती.

त्यांनी बोटं मिटून अंगठा मुठीत लपवला. चांगली घट्ट मूठ होती. असली मूठ वळावी म्हणून मी महिनाभर जीव टाकला असता.

"म्हणजे अण्णांचा हात आला की," दिग्विजय म्हणाला. त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं. त्यानं लगेच फोन फोटोसाठी उचलला.

वर्षालीनं भाकरीवरचा हात मागं घेतला. ताट दोन्ही हातांनी उचलून सासऱ्याच्या अगदी पुढ्यात सरकवलं, आमटीची वाटी उजव्या अंगाला ठेवली. मग पर्समधून ओळखपत्र काढून गळ्यात घातलं.

"मी निघते. नाशिक फाट्यावरून कंपनीची बस आहे."

"आज जायचं होतं ते राजीनामा द्यायला," दिग्विजय म्हणाला. "आणि अण्णांना कोण भरवणार?"

"ज्याला भरवायचंय त्यानं बसावं की. मी खुर्ची रिकामी केलीय."

आवाज वर नव्हता तिचा. मी गरीब गाय म्हटलं होतं, ते शब्द मी मनातल्या मनात गिळून टाकले. दाराशी ती वळली. आता रडेल, नाहीतर माफी मागेल, असं मला वाटलं.

"अण्णा, आमटीत मीठ कमी आहे," ती म्हणाली. "वरून घ्या." आणि गेली.

रिकामी खुर्ची तशीच होती. मारुतराव मुलाकडे बघत होते. त्या बघण्यात काही लपवाछपवी उरली नव्हती. दिग्विजयनं खुर्चीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. त्याच्या हातातला एक फोन वाजला. "चाकणला मीटिंग आहे, अण्णा. संध्याकाळी येतो," असं म्हणून तो वाकला, पायांना हात लावला आणि फोन कानाला लावत बाहेर पडला. फोटो काढायचं विसरला. सुमनताई पदर तोंडाशी धरून भिंतीकडे बघत राहिल्या, नवऱ्याजवळ गेल्या नाहीत.

मी जाड मुठीचा चमचा ताटाशेजारी ठेवला. मारुतरावांनी तो बाजूला सारला. मूठ उघडली, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. थेंबही सांडला नाही. दारावरची नजर मात्र त्यांनी शेवटच्या घासापर्यंत काढली नाही.