सूर्य किती वाजता मावळतो

रिखबचंदशेठ दिवसातून एकदाच घाईत असायचे, आणि ती वेळ संध्याकाळची. जळगावच्या दाणाबाजारात तेहतीस वर्षं दुकान चालवलं. भावावरून कुणी अंगावर आलं तरी त्यांचा आवाज चढला नाही. पण समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरून ऊन सरकायला लागलं, की शेठ दुकान मुनिमावर टाकून घराकडे निघालेच. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. हा चौविहाराचा नेम त्यांनी ऐन पंचविशीत घेतला होता आणि सख्ख्या भावाच्या लग्नातही मोडला नव्हता.

अशा माणसाच्या मुलीने, विधीने, हॉटेल काढावं, याला काय म्हणायचं? शिकायला म्हणून ती एडिंबरोला गेली आणि तिथेच सहा टेबलं मांडून बसली. स्वयंपाक सगळा घरचा. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही. आईच्या हातच्यासारखी शेवभाजी, गट्टे, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. हॉटेलाला नाव दिलं, दाणाबाजार.

उद्घाटनाला या म्हणून तिने फोन केला, तेव्हा शेठनी एका वाक्यात निकाल लावला होता. "हॉटेल म्हणजे रात्रीचा धंदा, आमच्यासाठी ते बंदच." प्रेमकुंवरबाई, त्यांच्या पत्नी, तिकडच्या उजेडाबद्दल काही सांगू पाहत होत्या, तर त्यांनाही गप्प केलं. सूर्य काय दोन आहेत? इथे सातला मावळतो तो तिथे काय मध्यरात्रीपर्यंत थांबणार? वर बजावलं, हॉटेलचा विषय या घरात नको.

त्याला सहा वर्षं झाली. विधी दर रविवारी फोन करायची, आईशी तासभर बोलायची. शेठ शेजारी पेपर वाचत बसायचे आणि तासभर पान उलटायला विसरायचे. खरं सांगायचं तर त्यांचा जीव तुटत होता. पोरीच्या हातचं एकदा खावं एवढंच मनात होतं. पण नेम मोडवत नव्हता, आणि बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

डिसेंबरातल्या एका सकाळी पेपरात जगभरातल्या नावाजलेल्या भारतीय हॉटेलांवर अख्खं पान आलं आणि त्यात विधीचा फोटो. तास-दोन तासांत सगळा बाजार दुकानात. शेठनी सगळ्यांना चहा सांगितला आणि स्वतः काट्यावरची धूळ पुसत राहिले. चष्मा घरी राहिलाय म्हणाले. चष्मा खिशातच होता. डोळ्यांत पाणी आलं तर ते पेपर हातात असताना येऊ नये, इतकंच.

मग पारोळ्याच्या सुपडूभाऊंनी पेपर उचलला. पंचवीस वर्षं ज्वारी याच दुकानात घालणारा हा शेतकरी. त्यांना कोण नको म्हणणार? त्यांनी पान पहिल्यापासून वाचलं. लंडनमध्ये कुणी उपड्या खापरावर मांडे करतो आणि ते बघायला लोक काचेला नाक लावून उभे राहतात. बँकॉकमध्ये कुणी आजीच्या वहीतून लोणची घालतो. न्यूयॉर्कात एकाने साध्या वरणभाताला असा मान मिळवून दिला, की मोठमोठे साहेब बोटं चाटतात. शेठना मनापासून कौतुक वाटत होतं. आपल्या मातीतलं अन्न कुठवर पोचलं!

शेवटी विधीचं आलं. लिहिणाऱ्याने तिची कळण्याची भाकरी खाल्ली होती. त्या भाकरीसाठी लोक तीन-तीन महिने आधी जागा धरतात, आणि पहिल्या घासाला त्याचं कारण कळतं, असं त्याने लिहिलं होतं. पुढे होतं, की या हॉटेलाची एक रीत जगात दुसरीकडे त्याच्या पाहण्यात नाही. सूर्य मावळला की चूल बंद. हिवाळ्यात भर दुपारी दार लागतं, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत पंगत चालते. रोजची मावळतीची वेळ दारावरच्या पाटीवर खडूने लिहिलेली असते. कारण विचारलं, तर मालकीणबाई हसून म्हणाल्या, आमच्याकडे असंच जेवतात.

सुपडूभाऊंनी पेपर खाली ठेवला. शेठकडे बघत हळूच म्हणाले, "शेठ, हाई तं तुमना घरनं घड्याळ शे."

शेठ उठले आणि त्या दिवशी दुपारीच घरी गेले. बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. पाचनंतर प्रेमकुंवरबाईंनी रोजच्यासारखं ताट वाढलं. हे तुला कधीपासून माहीत होतं, त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. हॉटेलचा विषय घरात नको, असं तुम्हीच म्हणाला होतात."

शेठनी ताट बाजूला केलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतः फोन लावला. तिकडे दुपारचे बारा वाजले होते. भांड्यांचा गलका ऐकू येत होता, आणि वडिलांचा फोन म्हटल्यावर विधी घाबरलीच. आई बरी आहे ना, तिने विचारलं. बरी आहे, ते म्हणाले.

"विधी, तुझ्याकडे आज सूर्य किती वाजता मावळतो?"

भांड्यांचा आवाज लांब गेला. ती बाहेर येऊन उभी राहिली असावी.

"आज तीन चाळीसला, पप्पा," ती म्हणाली. "पण जूनमध्ये दहा वाजतात."

"मग जूनमधली जागा धर. दोन माणसं."

त्यानंतर बापलेक कितीतरी वेळ बोलत होते. ज्वारी तिकडे कुठून आणतेस इथपासून भाकरी तव्याला चिकटते का इथपर्यंत. फोन ठेवून शेठनी खिडकीबाहेर पाहिलं, तर सूर्य केव्हाच मावळला होता. ताट तसंच होतं. सकाळपर्यंत आता पाणीसुद्धा नाही, हे आठवून प्रेमकुंवरबाई हळहळल्या.

"असू दे," शेठ म्हणाले, "जूनमध्ये जेवेन."