रडलं की टाळ्या

केंद्रात एक पद्धत आहे. मूल रडलं की सगळ्या आईबापांनी टाळ्या वाजवायच्या. रडणं म्हणजे आत साचलेला दोष बाहेर पडणं, असं सरांचं म्हणणं. ज्यांची मुलं रडत नाहीत ते कोपऱ्यात बसतात, पोरगं नापास झाल्यासारखी तोंडं करून.

हे सर आधी चुंबकाच्या गाद्या विकायचे. गाद्या खपल्या नाहीत, चुंबकं उरली. मग त्यांना लहान मुलांच्या मेंदूचा कळवळा आला. आता ते पोहण्याच्या टोपीला आतून चुंबकं शिवून घेतात आणि ती टोपी उशिरा बोलणाऱ्या, उशिरा चालणाऱ्या, नजरेला नजर न देणाऱ्या सगळ्या पोरांच्या डोक्यावर चढवतात. टोपी एकाच मापाची. त्यांच्या मते दुखणंही एकाच मापाचं.

माझी भाची पाच वर्षांची आहे आणि बोलत नाही. गालात बिस्किटं साठवते म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. तिला ऐकू नीट येतं, कळतं सगळं, आणि आमच्या घराण्याचा राग तर एकट्या तिच्याच वाट्याला आलाय. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तिला चित्रांची कार्डं सुरू केली होती. जे हवं त्याचं कार्ड काढून समोरच्याच्या हातात ठेवायचं. कार्डं मी बनवली. मी पाट्या बनवायच्या दुकानात कामाला आहे. ‘येथे गाडी लावू नये’ हे माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण. लॅमिनेशन केलं, तिला टोचू नयेत म्हणून कोपरे गोल कापले, सगळी एका कड्यात ओवली. काही दिवसांतच खारू कडं चाळायला शिकली. माझ्या हातात तिने ठेवलेलं पहिलं कार्ड होतं ‘बाहेर’. मी हरखून तिला बाहेर घेऊन गेलो. तिने मला बाहेर सोडलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मग कुणीतरी ताईला केंद्राचा पत्ता दिला. सरांनी पहिल्याच भेटीत कार्डं बघून नाक मुरडलं. चित्रं दिलीत की जीभ आळशी होते, म्हणाले. ताईने कडं कपाटावर टाकलं आणि बाईंकडे जाणंही थांबवलं, कारण दोन उपचारांच्या लहरी एकमेकींना कापतात म्हणे. मी विचारलं, लहरींचं राहू दे, पोरीने काही मागायचं कसं? ताई म्हणाली, तुला मूल झालं की मग मला शिकव. भाऊजी मध्ये पडले नाहीत. ‘बघा काय ते’ एवढंच ते घरात बोलतात, आणि तेही पेपरातून डोकं वर न काढता.

परवा त्यांना वेळ नव्हता म्हणून दोघींना मी घेऊन गेलो. हॉलमध्ये स्टीलच्या खुर्च्या, एक दमलेला पंखा आणि भिंतीवर मेंदूचं चित्र. मेंदू हसत होता. पाण्याच्या कूलरवर कागद चिकटवला होता की टोपी डोक्यावर असेपर्यंत मुलांना पाणी देऊ नये, परिणाम उतरतो. अक्षरं तिरकी होती. त्याचाही मला संताप आला.

टोपी चढवल्यावर थोड्या वेळाने खारू रडायला लागली. घामाने टोपीच्या कडेखाली लाल वळ उठला होता. टाळ्या सुरू झाल्या. सर आतून आले आणि आज छान निघतंय म्हणाले. ताईही वाजवत होती. कित्येक महिन्यांची झोप उडालेल्या आईला कुणीतरी ‘छान’ म्हटलं होतं.

खारू रडतच तिच्यासमोर उभी राहिली. डावी मूठ वर धरली. उजव्या हाताने हवेतच काहीतरी उलटत गेली, एकेक करून, आणि कूलरकडे बघत एका जागी थांबली. नसलेलं कार्ड तिने दोन बोटांत नीट धरलं, ओढून काढलं आणि ताईच्या दोन हातांच्या मध्ये ठेवलं.

ताईची टाळी तिथेच अडली.

सर सगळ्यांना सांगायला लागले की बघा, हातांची नवी हालचाल, मेंदू जागा होतोय. लोकांनी टाळ्या वाढवल्या.

“ती पाणी मागतेय,” ताई म्हणाली.

“मॅडम, आत्ता पाणी दिलंत तर आजवरचं सगळं वाया जाईल.”

“तिने तोंडाने मागितलं असतं, तर दिलं असतंत?”

सरांकडे उत्तर होतं. त्यांच्याकडे ते असतंच. पण ते ऐकायला ताई थांबली नाही. तिने खारूच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि भिरकावली. टोपी कोपऱ्यातल्या स्टीलच्या कपाटाच्या दारावर आपटून तिथेच चिकटली. चुंबकांचा तेवढा एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला.

खारू कूलरपाशी ग्लासमागून ग्लास प्यायली. अर्धं पाणी बाहीत गेलं. रडणं थांबलं, म्हणजे केंद्राच्या हिशोबाने तिची तब्येत बिघडली. सर मागे येऊन म्हणाले, उपचार मध्येच तोडलात, उलटला तर जबाबदारी तुमची.

“माझीच आहे,” ताई म्हणाली. “तुमची कधी होती?”

बाहेर गाडीपाशी ती खारूची ओली बाही पिळत होती. घरी गेल्या गेल्या कपाटावरचं कडं काढून दे, बाईंना मी आजच फोन करते, असं काहीतरी ती सांगत होती. तेवढ्यात हॉलमध्ये दुसरं पोर रडायला लागलं आणि खिडकीतून टाळ्या आल्या.

ताईने खारूचा हात माझ्या हातात दिला आणि परत आत गेली.

“टाळ्या काय वाजवताय?” आतून तिचा आवाज आला. “त्याला काय हवंय ते बघा ना आधी.”

टाळ्या थांबल्या नाहीत. विरळ झाल्या. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आणि एकट्याच माणसाच्या टाळ्या, जोरजोरात, घाईघाईने.