पेटीने पाहिलेले थरथरते हात

मी एक जुनी बांगड्यांची पेटी आहे. मित्रांनो, शहरातल्या गुलमंडीमागच्या गल्लीत मजीदमिस्त्रींनी मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. पुढची तीस वर्षं मी शमशादबीच्या डोक्यावर बसून पाचोडचा बाजार केला. नवरीचा चुडा भरावा तो शमशादबीनेच! तिच्या हाताला यश आहे, असं सगळा गाव म्हणायचा. एकुलत्या एका लेकीचा, यास्मिनचा चुडाही आपणच भरायचा, एवढीच तिची इच्छा होती.

मग तो हात थरथरू लागला. एका हळदीच्या दिवशी नवरीच्या मनगटावर तीन बांगड्या तडकल्या. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण माणसाला मात्र तोंडावर अपशकुनी म्हणतात! लग्नघरची बोलावणी बंद झाली.

शेजारची द्वारकाबाई बांगड्या भरताना रडायची. तिचे मालक बद्रीनाथ पाय ओढत चालतात, हात कापतो, म्हणून गाव त्यांना दारुडा ठरवून मोकळा झाला. त्या माणसाने जन्मात थेंब चाखलेला नाही. आमच्या एका गल्लीत अशी सहा माणसं मी पाहिली, आणि सहाही घरांची दारं बंद.

गेल्या वर्षी दवाखान्याची सायली घरोघरच्या आजाऱ्यांची नावं लिहायला वही घेऊन आली.

"चाची, हात थरथरणं, अंग ताठरणं, ह्याला कंपवात म्हणतात. शहरात पार्किन्सन म्हणतात. गोळ्यांनी लई फरक पडतो. इथं पाच जण निघाले, तर डॉक्टर दर महिन्याला इथंच येतील. घरात कोणाला हाय का?"

शमशादबीने हात झटकन माझ्यात खुपसला. यास्मिनची सोयरीक जुळत होती. यास्मिनचा भाऊ मुनीब दारात आडवा उभा राहिला.

"नाय ताई, आमच्याकडं कोणी नाय."

माझ्या पोटात बांगड्या किणकिणत होत्या, थांबेनात. सायलीने माझ्याकडे पाहिलं.

"खरंच नाय, चाची?"

"नाय बेटा."

समोर बसलेली द्वारकाबाई न विचारता म्हणाली, "आमचे मालक बी ठणठणीत हायेत."

मला तोंड असतं तर मी दोघींना फाडून खाल्लं असतं!

बाकीच्या घरांनीही तेच सांगितलं. सायलीने गल्लीपुढे शून्य लिहिलं. डॉक्टरांची गाडी आता दुसऱ्या गावाला जाते.

यास्मिनचं लग्न थाटात झालं. चुडा भरायला बाहेरगावची मनियारीण आणली होती. शमशादबी हात पदराखाली दाबून लांबूनच बघत होती.

मित्रांनो, लपवल्याने अब्रू वाचत नाही, आजार तेवढा वाढतो. तुमच्या दारात कोणी वही घेऊन आलं, तर आपल्या माणसाचं नाव आधी लिहायला लावा.