दुपारची साखर

रविवार, सकाळी साडेसहा. औशाजवळच्या एका गावात, भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये धोंडाबाईंनी काठी टाकली आणि भर गर्दीत दहा पावलं चालून दाखवली. शिवमूर्ती महाराजांच्या जयजयकाराने पत्रे दणाणले.

त्यांची मुलगी तनुजा आईचा सुजलेला चेहरा बघत होती. ती लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. गुडघेदुखीसाठी आई पाच महिने रोज सकाळी महाराजांची पुडी घेत होती. हल्ली तिला तांब्याभर पाणी पुरत नव्हतं.

"महाराज, आईची साखर वाढलेली दिसते."

"घ्या! क्लासवाल्या बाई आल्या," महाराज हसले. "आणा रे मशीन. उपाशीपोटी तपासू." आकडा आला एकशे चार. "पळाली का न्हाई साखर? फकस्त दुपारी रगत काढू नका. तवा देव निजलेला असतो."

"तने, लाज आणलीस," धोंडाबाई पुटपुटल्या.

तो दुपारचा नियम तनुजाच्या मनातून जाईना. जेवणानंतर चार वाजता तिने मशीन मागून आणलं आणि आईचं बोट धरलं. चारशे बारा.

"मेल्यानं इख चारलं मला!" धोंडाबाईंनी सगळ्या पुड्या चुलीत घातल्या. तनुजाला बरं वाटलं. सोमवारी तिच्या बॅचची परीक्षा होती. दवाखान्यात मंगळवारी जायचं ठरलं.

मंगळवारी पहाटे उलट्या करून आई कोसळली.

"पुडीत स्टेरॉइड असणार," लातूरचे डॉक्टर म्हणाले. "सकाळी घेतलं की दुपारी साखर चढते, पहाटेपर्यंत उतरते. म्हणून बाबा पहाटेच तपासतो. पण एकदम थांबवायचं नसतं हो. इतक्या महिन्यांत शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं."

तनुजा तशीच गावात आली. महाराज जीपने पसार झाले होते. आईची बातमी ऐकून लोक पुड्या नालीत टाकत होते.

"फेकू नका!"

"अगं, परवा तुझी आईच इख म्हणत हुती ना?"

"विषच आहे. पण पुडी घेऊन दवाखान्यात चला. डॉक्टर हळूहळू कमी करतील, साखरेवरही औषध देतील. माझं खरं मानू नका, दुपारी स्वतः तपासून बघा."

"हिचं अन् बुवाचं साटंलोटं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

बुधवारी संध्याकाळी गावातून नेलेल्या पुडीचा अहवाल आला: स्टेरॉइड. तोवर पुडी घेणाऱ्या त्रेचाळीस जणांपैकी सतरा जण दवाखान्यात पोचले होते. धोंडाबाई अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या.