कडेचा अंधार

“मंजू, पोरीचे डोळे दाखव गं. दारातला हंडा दिसंना गेलाय तिला.” कमलम्मांनी सुनेला हे सांगितलं तेव्हा मी त्याच खोलीत चालू होतो. मंजुश्रीने ते मनावर घेतलं नाही. मित्रांनो, तिने तसं केलं त्याला कारण मी.

मी एक जुना, कपाटासारखा जाड टीव्ही आहे. माझ्या पोटात एक दिवा आहे. तो चित्र आरशावर फेकतो, आणि आरसा ते मागच्या बाजूने पडद्यावर उमटवतो. त्यामुळे समोर बसणाऱ्याला माझं चित्र लख्ख दिसतं, बाजूला बसणाऱ्याला मात्र अंधुक.

लातूरच्या दुकानात मला निवडायला शिरूर अनंतपाळहून तिघं आले होते: मल्लिनाथ, त्याची बायको मंजुश्री आणि धाकटा भाऊ बसवंत. मल्लिनाथला सिनेमासाठी मोठा पडदा हवा होता, बसवंतला गेम खेळायला. भिंतीवरचा चपटा टीव्ही बसवंतला आवडला होता. पण दुकानदार शेषेराव म्हणाले, “त्याच्यावर तासन्‌तास एकच गेम लावली की आकड्यांचा डाग राहतोय. मग सिनेमात बी हिरोच्या कपाळावर तुमचा स्कोअर.” दुसरा एक टीव्ही डाग धरत नव्हता, पण अगदीच लहान होता. उरलो मी.

मंजुश्री तेवढ्यावर थांबली नाही. खोलीच्या कोपऱ्यात जाऊन तिने मला पाहिलं. “इथून तर काळंच दिसतंय.”

“ताई, मधी बसायचं बघा. कडंनं अंधार, ह्याची जातच तशी हाय. अन् दोन-तीन वर्षांनी दिवा मंदावला की बदलायचा.”

तिने शब्द न् शब्द लक्षात ठेवला. शिकलेली, सावध बाई ती. मित्रांनो, तिची ती सावधगिरीच पुढे घात करून गेली.

पहिली वर्षं माझ्या कौतुकात गेली. रविवारी सिनेमाला अर्धी गल्ली जमायची. मंजुश्रीची लेक शिवलीला सहा वर्षांची झाली आणि काकासोबत गाड्यांची गेम खेळू लागली. डावीकडून गाडी आली की तिची धडक ठरलेली.

“शिवे, तू ड्रायव्हर हायेस का म्हैस?” बसवंत म्हणायचा.

“काका, दिसलीच नाही. कडेला अंधार आहे.”

“बघा वहिनी, हरली की टीव्हीच्या नावानं पावती फाडती.”

सगळे हसायचे. शिवू रोज थोडी सरकत अगदी मध्यावर येऊन बसू लागली. पुढे ती माझ्यापासून हातभर अंतरावर आली.

त्याच दिवसांत ती हंड्याला अडखळली आणि कमलम्मा बोलल्या. मंजुश्री म्हणाली, “आत्या, डोळ्याला काही नाही. हा टीव्हीच असला आहे. मलाही कडेनं अंधारच दिसतो. दिवा बदलायला झालाय.”

“मी टीव्हीचं कुठं म्हणायले? हंड्याचं म्हणायले.”

पण मंजुश्रीने दिवा मागवला. लातुरात तो मिळाला नाही, हैदराबादेहून यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत शिवूने ‘अंधार आहे’ म्हटलं की घरचे म्हणायचे, “दिवा येऊ दे, मग दिसेल.” पोरगी मान डोलावून वाट बघायची. मी सगळं ऐकत होतो. मला सिनेमातल्या शंभर माणसांचे आवाज काढता यायचे, स्वतःचा एक शब्द काढता येत नव्हता.

शेवटी नरसिंग मेस्त्रीने नवा दिवा बसवला. मी पहिल्या दिवसासारखा उजळलो.

“शिवू, आता दिसतं ना सगळं?”

“मधलं दिसतं, आई. कडेचं अजून बंदच आहे.”

मंजुश्रीने मला बंद केलं. लेकीला स्वतःसमोर बसवून म्हणाली, “माझ्या नाकाकडे बघ.” मग आपला हात हळूच तिच्या कानाशी नेऊन बोटं हलवली.

“काय दिसतं?”

“तुझं नाक.”

मेस्त्रीने हातातला पेचकस खाली ठेवला.

नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो लहान मुलांनाही होतो, दुखत नाही, नजर कडेकडेने खातो. गेलेली नजर परत येत नाही. घरी आल्यावर मंजुश्री सासूला एवढंच म्हणाली, “सात महिने आधी नेलं असतं तर बरीच नजर राहिली असती म्हणाले.” कमलम्मांनी तिला जवळ घेतलं.

त्यानंतर मला कुणी लावलं नाही. आज मी मागच्या खोलीत पडून आहे. शिवू वीस वर्षांची आहे. दोन ऑपरेशनं झाली, थेंब रोज चालू आहेत, तरी आता तिला बांगडीतून बघावं तेवढंच जग दिसतं. रस्ता ओलांडताना मंजुश्री तिचा हात सोडत नाही. त्या वेळी माझा दिवा मंदावण्याऐवजी फुटला असता तर बरं झालं असतं. मग दोष द्यायला मी उरलो नसतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरातलं एखादं लहान भावंड सारखं अडखळत असेल, मान वळवून बघत असेल, ‘दिसत नाही’ म्हणत असेल, तर त्याला हसू नका. आजच त्याच्याजवळ बसा, नीट विचारा, आणि ते काय म्हणालं ते मोठ्यांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही, तर उद्या पुन्हा सांगा.